प्रत उघडून पाहिली

बेतणाऱ्या बाई आल्या तेव्हा त्यांचा लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात होता. अभ्र्याच्या तोंडाला दोन गाठी मारलेल्या, आणि बरोबर त्यांची नणंद. तिने आल्या आल्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मेलेली यंत्रं जिवंत करतात ती जागा हीच ना?"

"मेलेली नाही, म्हातारी," मास्तर म्हणाले. "म्हाताऱ्यांना आम्ही काठी देतो."

"मग माझंही नाव लिहून घ्या."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली आम्हाला दर शनिवारी दहा ते एक मिळते. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त झालेत. मी दवाखान्यात केसपेपर लिहिते. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असतात. ज्या कॉम्प्युटरला त्याच्या कंपनीने वाऱ्यावर सोडलंय, त्याच्यावर आम्ही फुकट मिळणारी, कोणा एकाच्या मालकीची नसलेली सिस्टीम बसवून देतो आणि ती कशी वापरायची ते शिकवतो. पैसे घेत नाही. माणूस घरी जाऊन अडला तर इंटरनेटवरच्या आमच्या फोरमवर लिहितो, आणि जगात कुठेतरी त्या वेळी जागा असलेला आमच्यातलाच कोणी त्याला उत्तर देतो. बहुतेक वेळा ते उत्तर 'घुबड' या नावाने येतं. घुबडाला आम्ही कधी पाहिलेलं नाही. त्याचा दिवस म्हणजे आमची रात्र, एवढंच ठाऊक.

"मी कपडे शिवत नाही," बाईंनी गाठी सोडता सोडता सांगितलं. "बेतते. कागदावर. शिवणारे दुसरे असतात."

"कोणासाठी?"

"ज्यांना दुकानातलं बसत नाही त्यांच्यासाठी. कोणाच्या पाठीला बाक असतो. कोणाला एकच हात. कोणी दिवसभर चाकांच्या खुर्चीत, त्यांना मागून उंच आणि पुढून आखूड लागतं. अकरा वर्षांचं काम या यंत्रात आहे, दोनशे चौदा जण." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "त्यातल्या एक बाई तर अंथरुणावरच असतात. लांब राहतात. अंगाला हात लागला की कळवळतात. त्यांचं माप घ्यायला मला तीन दिवस लागले होते. शेवटच्या दिवशी त्या रडल्या आणि मीही रडले. त्यांचे सगळे झगे त्या एका आकृतीवरून होतात. तेवढी सांभाळा म्हणजे झालं."

"सगळ्याच सांभाळू," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

आमचा एक फॉर्म असतो, त्यावर तीन चौकोन. मालकाला काय हवं ते विचारलं. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आहे. प्रत उघडून पाहिली. तिसरा चौकोन माझ्याच हट्टाने आलेला. लोक 'प्रत आहे' म्हणतात, पण त्यांना तसं वाटत असतं, हे मीच सगळ्यांना पटवून दिलं होतं. भरलेल्या फॉर्मचा फोटो फोरमवर त्या माणसाच्या नावाखाली लावतो, म्हणजे पुढे मदत करणाऱ्याला आधी काय झालंय ते कळतं.

"प्रत काढलीत?"

"हो तर." बाईंनी काळी, साबणाच्या वडीएवढी डिस्क पुढे केली. "काल संध्याकाळी बसून एकेक ओढून हिच्यात टाकलं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा."

"हिची वायर?"

"वन्सं, वायर तुमच्या पर्समध्ये टाकली होती ना?"

नणंदेने पर्स उघडली. तिच्यातून चष्म्याची दोन घरं निघाली, रुमाल निघाला, दोऱ्याची रिळं, औषधांची पाकिटं, एक अर्धवट सोललेलं संत्रं. "थांबा, आहे. हिच्या तळाशी आमचं लग्नाचं पातळही सापडेल."

तेवढ्यात ग्रंथपाल दारात येऊन सांगून गेले की आज खोली साडेबाराला बंद होणार. बाकावर अजून चौघं बसलेले. घड्याळात पावणेबारा.

"राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही स्वतः केलीय ना? मग झालं."

आणि तिन्ही चौकोनांत खूण केली.

पुढचं काम नेहमीचं. त्यांच्या लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग होते, एकात जुनी सिस्टीम आणि दुसऱ्यात आकृत्या. मी पहिला भाग पुसून त्यात नवी सिस्टीम घातली, दुसऱ्याला हात लावला नाही. शेवटी इन्स्टॉलर विचारतो, यंत्र चालू झाल्यावर त्याने आधी कुठे बघायचं ती चिठ्ठी कुठे ठेवू? तिथे नीट बघून डिस्क निवडावी लागते. मी बाकावरच्या चौघांकडे बघत 'पुढे' दाबलं. लॅपटॉप झकास चालू झाला. बाईंनी एक आकृती उघडून बघितली, हसल्या. मग मी यंत्र बंद केलं, इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह काढून पिशवीत टाकला आणि त्यांना दोन सूचना दिल्या, ज्या मी प्रत्येकाला देते.

"अडलात तर फोरमवर लिहा. आणि उत्तर आलं की पायऱ्या कागदावर उतरवून घ्या, फोन लांब ठेवा, आणि एक झाली की तिच्यावर काट मारून पुढची करा. फोन आणि यंत्र दोन्हीकडे बघत बसलं की चुका होतात."

"हे आवडलं," बाई म्हणाल्या. "आमचंही तसंच. कात्री हातात असताना बोलायचं नाही."

फोरमसाठी त्यांनी नावही 'कात्री' असंच घेतलं.

*

सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी फोन हातात घेत नाही. कित्येक वर्षांचा नेम आहे, आणि रविवारी जप जरा जास्त असतो. त्या रविवारी दिव्यापुढून उठून फोन उघडला तेव्हा आठ चाळीस झाले होते.

सगळ्यात वर कात्रीचं नाव. मथळा: काळा पडदा.

सात दहाला त्यांनी लिहिलं होतं: "नमस्कार. काल तिथे सगळं छान चाललं. आज चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकते, पुढे काहीच नाही. मी काही चुकीचं दाबलं का?"

मला तिथल्या तिथे कळलं. चिठ्ठी मी पेनड्राइव्हवर ठेवली होती. कॉम्प्युटर त्यांच्या घरी आणि त्याची चिठ्ठी माझ्या पिशवीत. लाज वाटली, पण चूक किरकोळ होती. पाच मिनिटांचं काम. मी पुढे वाचत गेले.

घुबडाने सात पंचवीसला उत्तर दिलं होतं. गोड शब्दांत, पायऱ्या घालून, नेहमीसारखं. त्याचं म्हणणं असं की दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने बसवणं सोपं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून यंत्र चालू करा, 'पूर्ण डिस्क पुसा' निवडा. वीस मिनिटांत कोरं करकरीत. मग तुमची प्रत परत आत ओता.

पूर्ण डिस्क. म्हणजे दोन्ही भाग.

सात पन्नासला कात्रीने फोटो टाकला होता: "नणंदेच्या कॉम्प्युटरवर प्रत उघडली आहे. अशी दिसते. पुरे ना?"

त्याखाली घुबड: "छान. सगळी नावं दिसताहेत. आणि फॉर्मवर ताईंची खूण आहे की प्रत उघडून पाहिली. त्या उगाच खूण करणाऱ्या नव्हेत. बिनधास्त पुसा. मी आता झोपतो."

आठ पंधराला कात्री: "पेनड्राइव्ह तयार होतोय. पायऱ्या कागदावर उतरवल्या. आता फोन लांब ठेवते. धन्यवाद."

पुढे काही नाही.

मी तो फोटो मोठा केला. खरं सांगते, निव्वळ सवयीने केला. फाइलींच्या रांगा होत्या, प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण. शेजारच्या रकान्यात आकार: १ केबी, १ केबी, १ केबी. खालपर्यंत तेच.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना तो बाण ठाऊक असतो. ती फाइल नसते, फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी असते. बाईंनी अकरा वर्षं आकृत्या समोरच्या पडद्यावरच्या त्या पाट्यांवरूनच उघडल्या होत्या, म्हणून त्यांनी पाट्याच ओढून डिस्कमध्ये टाकल्या. दोनशे चौदा दारांवरच्या दोनशे चौदा पाट्या. घरं सगळी लॅपटॉपच्या दुसऱ्या भागात. आणि तो भाग पुसायला आम्हीच सांगितलं होतं, माझ्या खुणेच्या हवाल्याने.

मी लिहिलं: "थांबा. काही पुसू नका." पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना कळलं की मी लांब ठेवलेल्या फोनशी बोलतेय. लांब ठेवा म्हणून मीच तर सांगितलं होतं.

मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, बेतणाऱ्या बाईंचा नंबर आहे का हो?"

"आपण नंबर कुठे घेतो? नियम आहे ना. का गं? आवाज का असा?"

मी सांगितलं. एका दमात, काही न लपवता. खूण न बघता केली होती, हेही.  

"पत्ता?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पण त्या नणंदबाई बोलल्या होत्या, यांच्या कागदांनी घर भरलंय म्हणून आम्ही खालच्या बटणांच्या दुकानात राहायला जाणार..."

"बटणांचं दुकान घड्याळजींच्या गल्लीत आहे. दुसरं मला माहीत नाही. नीघ तू. मी सामान घेऊन मागून येतो. आणि ऐक. पुसणं सुरू झालेलं दिसलं तर 'रद्द' बिद्द शोधत बसू नकोस. त्यांच्याशी बोलत बसू नकोस. वीज तोड. बॅटरी उपट. पडद्यावर काय वाट्टेल ते लिहिलेलं असू दे."

*

बस मिळाली, बसायलाही मिळालं असतं, पण मी दाराशीच उभी राहिले. अकरा मिनिटांचा रस्ता. माझं डोकं त्यांच्याबरोबर त्या पायऱ्या करत होतं. आता पेनड्राइव्ह लावला असेल. आता यंत्र चालू केलं. आता भाषा निवडताहेत. आता कीबोर्ड. बाई प्रत्येक पायरी दोनदा वाचणाऱ्या, हळू जातील. पेन्सिलीने काट मारतील. आता घड्याळाचं ठिकाण. आता तो प्रश्न.

देवाजवळ काय मागावं तेही सुचेना. चमत्कार मागायची माझी पद्धत नाही, आणि आपल्या हाताने केलेल्या चुकीवर तर नाहीच. मी एवढंच म्हणत राहिले की एखाद्या शेजारणीला त्यांच्याकडे पाठव. कोणीतरी वाटीभर काहीतरी मागायला येऊ दे आणि दारातच गप्पा मारत उभं राहू दे. गप्पिष्ट शेजारणीसाठी इतक्या कळवळून प्रार्थना कोणी केली नसेल.

आणि मधूनच मनात येई, की जप अर्धा ठेवून उठले असते तर सव्वाआठलाच दिसलं असतं. तो विचार मी दूर लोटला. तेव्हा लोटला, इतकंच.

बटणांच्या दुकानाला कुलूप होतं, शेजारून अरुंद जिना. वरचं दार नणंदेने उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कंगवा.

"अगं बाई, तुम्ही! हळू बोला हं, वहिनी परीक्षेला बसलीय. मला न्हाणीघरात कोंडल्यासारखं केलंय, तोंडातून ब्र काढायची सोय..."

"चालू केलं का त्यांनी?"

"केव्हाच."

मी तिला बाजूला सारून आत गेले. आयुष्यात कोणाच्या घरात अशी घुसले नव्हते. लांबलचक खोली, भिंतीभर आकडे आणि आकड्यांना टांगलेले चालू कामांचे तपकिरी कागद, बाह्या, पाठी, गळे, माणसांशिवायची माणसं. टेबलाच्या टोकाला बाई ताठ बसलेल्या. समोर कागद, कागदावर नऊ ओळी, सातांवर पेन्सिलीची काट. लॅपटॉपच्या पडद्यावर निळी पट्टी. फाइली उतरवत आहे. एकोणीस टक्के.

मी वायर ओढली. लॅपटॉप पालथा केला. बॅटरीला दोन खिट्ट्या, एक सरकली, दुसरी सरकेना.

"अहो! अहो, काय करताय?" बाईंनी माझं मनगट धरलं. रोज जाड कागद कापणारा हात तो, पकड अशी की बोटं बधिर झाली. "चाललंय ते! व्यवस्थित चाललंय! सात झाल्या!"

"सोडा ताई. पाया पडते, सोडा."

त्यांनी काय बघितलं माझ्या तोंडावर कोण जाणे. हात सोडला. मी टेबलावरची मोठी कात्री घेतली, तिचं टोक खिट्टीत घालून दाबलं. कट्कन आवाज झाला, प्लास्टिकचा तुकडा उडाला आणि बॅटरी हातात आली. पडदा विझला.

 बाईंनी आधी कात्रीचं टोक तपासलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, त्या काळ्या डिस्कमध्ये तुमच्या आकृत्या नाहीत. फक्त नावं आहेत. आकृत्या इथे होत्या, याच यंत्रात, आणि तुम्ही आता जे पुसलंत..."

"मी पुसलं ते तुम्ही सांगितलंत म्हणून."

"हो."

"त्या घुबडाने लिहिलं, तुम्ही उघडून बघितलंय."

"मी खूण केली होती. बघितलं नव्हतं."

हे वाक्य माझ्या कानांना फार मोठं ऐकू आलं. बाई खाली बसल्या. नणंद कंगवा धरून दारातच उभी.

"मी वायर शोधतच होते," ती म्हणाली. "एवढा उकिरडा पर्समध्ये भरला नसता तर..."

"वन्सं, तुम्ही ते आपल्या अंगावर घेऊ नका," बाई म्हणाल्या. चढ्या आवाजात नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोन मिनिटं लागली असती. किती गेलं?"

"माहीत नाही. एकोणीस टक्क्यांवर थांबवलंय. काही वाचलं असेल. किती, ते मला खरंच माहीत नाही."

"ज्यांच्या गेल्या असतील त्यांना मी परत बोलवीन. हसतील, वैतागतील, पण येतील. चौघं तर आता या जगातच नाहीत, त्यांना कपडे लागत नाहीत." त्या थांबल्या. "पण त्या अंथरुणावरच्या बाईंना मी पुन्हा हात लावणार नाही. सांगून ठेवते. ती आकृती नसेल तर नाही. मी जाणार नाही."

*

मास्तर आले ते दोन पिशव्या आणि स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन, जिना चढून धापा टाकत. त्यांनी लॅपटॉपची डिस्क बाहेर काढली, आपल्या यंत्राला जोडली. हे असं काम आधी मूळ डिस्कवर करत नाहीत. तिची जशीच्या तशी नक्कल काढतात आणि शोधाशोध त्या नकलेवर करतात. नकलेला तीन तास लागले. तीन तास आम्ही चौघं त्या कागदी माणसांमध्ये बसून एका आकड्याकडे बघत होतो. नणंदेने मध्ये एकदा सगळ्यांसमोर पोळी-भाजी ठेवली. मी खाल्लं नाही, बाईंनीही नाही. मास्तरांनी खाल्लं, कारण कोणीतरी खायला हवं होतं.

"तुम्ही काय उपासाला का?" नणंदेने मला विचारलं.

"नाही."

"मग खा की. उपाशी राहून काय फाइली येणार आहेत?"

खरं होतं ते. मी एक घास घेतला. 

तेवढ्या वेळात मी फोरमवर लिहिलं. फॉर्मच्या फोटोखाली, सगळ्यांना दिसेल असं: तिसरी खूण खोटी आहे, प्रत मी पाहिली नव्हती, यंत्र चालू न होण्याची चूकही माझीच, आणि कात्रीने जे केलं ते आमच्यावर विश्वास ठेवून केलं. दहा वेळा वाचलं, कुठे स्वतःला वाचवणारा शब्द सापडतो का ते बघितलं. 'घाईत' असा एक सापडला. तो काढून टाकला.

दुपारी शोध सुरू झाला. मास्तर पडद्याकडे बघून म्हणाले, "नावांची यादी जिथे असते, नेमकी तिथेच नवी सिस्टीम लिहिली गेलीय. फाइली मिळतील तेवढ्या मिळतील. नावं मिळणार नाहीत. नुसते नंबर."

"म्हणजे कोणती कोणाची ते कळणार नाही?" नणंदेने विचारलं.

"यंत्राला नाही कळणार."

सापडलेल्या आकृत्यांचा आकडा चढू लागला. एकतीस. अठ्ठावन्न. मग बराच वेळ अठ्ठावन्नच. बाईंनी डोळे मिटले होते. नव्वद. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, मी आकड्याच्या तालावर घेतेय. थांबले.

चार वाजता घुबड उठला. त्याने लिहिलं: "बाण मला दिसायला हवा होता. मी फोटो फोनवर बघितला आणि मोठा केला नाही. ताईंच्या खुणेमागे लपणार नाही." आणि त्याबरोबर एक छोटा प्रोग्राम पाठवला, मिळालेल्या हजारो फाइलींतून बाईंच्या उरलेल्या आकृत्याही वेगळ्या काढणारा. आणखी दोघा अनोळखी लोकांनी त्यात सुधारणा सुचवल्या. साऱ्या जगातली माणसं एका बटणांच्या दुकानावरच्या खोलीत वाकून बघत होती, आणि तरी आकडा एकशे सदुसष्टवर येऊन थांबला तो हलला नाही.

"सत्तेचाळीस नाहीत," मास्तर म्हणाले. "आणि यातल्याही काही अर्धवट असतील."

"उघडा," बाई म्हणाल्या.

मी पहिली उघडली. पडद्यावर रेषा आल्या, वरती आठ आकडी नंबर. मला ती कोणाचीही वाटली असती.

बाई पुढे झुकल्या. "डावा खांदा दोन बोटं खाली, मान पुढे. शिक्का मारणारे पोस्टातले." मी कागदावर नंबर लिहिला, पुढे माणूस लिहिला. "पुढची."

"ही?"

"चाकांची खुर्ची. पण कमरेला घडी नाही, म्हणजे लहान आहे... ग्रंथपालांची भाची. पुढची."

एकही चुकली नाही. बोटाने पडद्यावरून गळ्याची रेघ गिरवत जायच्या आणि माणूस सांगायच्या. एका आकृतीशी त्या थांबल्या तर मागून नणंद म्हणाली, "ती माझी. बघू नका कोणी." मी वळून पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा दिसलं, की तिची पाठ एका बाजूला चांगलीच कललेली आहे. कपड्यांनी कधी कळू दिलं नव्हतं.

साठ झाल्या. शंभर झाल्या. अंथरुणावरच्या बाईंची आली नव्हती. प्रत्येक नवी फाइल उघडताना बाई पुढे झुकायच्या आणि मग दुसऱ्याच कोणाचं नाव सांगायच्या. त्यात आनंद असायला हवा होता, तो नव्हता. एकशे वीसनंतर अर्धवट फाइली लागल्या. एक बाही. कॉलरचा तुकडा. नुसतीच चौकट. मास्तरांनी दिवा लावला. कोणी विनोद करेना, नणंदसुद्धा नाही.

एकशे एक्केचाळिसावी उघडली. पुढचा भाग पूर्ण. मागचा भाग खांद्यापासून सुरू झालेला आणि पाठीच्या मध्यावर येऊन तुटलेला, रेषा हवेत सोडल्यासारखी.

बाईंनी 'पुढची' म्हटलं नाही.

"त्यांचीच?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्या तुटलेल्या टोकाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या उठतील, आम्हाला घराबाहेर काढतील, आणि तेच योग्य होईल.

"छापा," त्या म्हणाल्या.

नणंदेच्या प्रिंटरने सहा पानं काढली. बाईंनी ती टेबलावर जुळवली, चिकटवली, खाली तपकिरी कागद अंथरला. कडेला वजनं ठेवली. मग डोळे मिटून उजवा हात हवेत धरला, तळवा खाली, कशावर तरी अगदी अलगद ठेवल्यासारखा, आणि तो हळूहळू खाली नेला. मध्येच थांबवला. थोडा डावीकडे घेतला. पुन्हा खाली.

"इथे त्या ओरडल्या होत्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे इथे हाड वर येतं."

डोळे उघडले, पेन्सिल उचलली, जिथे रेषा तुटली होती तिथे टोक ठेवलं.  त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, हात झटकला, परत उचलली.

"बरोबर येईल?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"शिवून त्यांच्या अंगावर चढेपर्यंत कळणार नाही." त्यांनी मान वर केली नाही. "आता बोलू नका कोणी."

आम्ही तिघं टेबलापासून मागे सरकून उभे राहिलो. पेन्सिल कागदावरून निघाली, बोटभर गेली, थांबली, आणि पुन्हा निघाली.